जीपगाडीचे जादा दिवे

बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूरचा घाट दिवसा पाहणाऱ्यास फारसा बिकट वाटत नाही. बुलढाणे हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेले. खाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी सपाट जमीन. परंतु श्रावणातील एखाद्या रात्री ढग रस्त्यावर टेकले, किंवा उन्हाळ्यात पुढच्या गाडीची धूळ हवेत तरंगत राहिली, म्हणजे हाच घाट चालकाची परीक्षा पाहतो. डांबरी रस्ता सोडून शेताच्या पांदणीला लागले की ही परीक्षा अधिकच कठीण होते. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते तेव्हा शेतकऱ्यास मध्यरात्री रान गाठावे लागते. आजाऱ्याला तालुक्याच्या गावी न्यायचे तर वेळ निवडण्याची सोय नसते. मग जुन्या जीपच्या दोन मूळ दिव्यांवर भागत नाही, आणि मालक घरच्या घरी जादा दिवे बसविण्याच्या खटपटीस लागतो. ही खटपट कशी करावी, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ती कोठे थांबवावी, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

मोटारीच्या पूर्वी वऱ्हाडातील रात्रीचा प्रवास बैलगाडीचा होता. गाडीखाली आसाजवळ एक कंदील टांगलेला असे. त्याचा उजेड तो काय! परंतु तो जमिनीलगत असल्यामुळे चाकोरी व दगडधोंडे दिसत, बैलांच्या डोळ्यांवर तिरीप येत नसे, आणि समोरच्या गाडीवानास दुरूनच चाहूल लागे. उजेड थोडा, पण जेथे हवा तेथेच. ज्या कोणी तो कंदील प्रथम आसाला बांधला, त्याने प्रकाशशास्त्राचा एक मोठा नियम न शिकताच पाळला.

जीपगाडीच्या जन्मातही हाच विचार दिसतो. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेल्या जीपचे मुख्य दिवे बिजागरीवर बसविलेले होते. खिट्टी सैल करून ते उलटे फिरवले की त्यांचा उजेड इंजिनावर पडे, व अंधारात दुरुस्ती करता येई. शिवाय शत्रूच्या विमानास सुगावा लागू नये म्हणून डाव्या मडगार्डावर झापड घातलेला एक निराळा दिवा असे. त्याचा प्रकाश केवळ पुढच्या थोड्या जमिनीवर पडे. महिंद्र कंपनीने १९४७ च्या सुमारास मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे ही गाडी महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचली. तिच्या उघड्या चौकटीवर काहीही बांधता येते. म्हणून घरगुती कारागिरीस तिच्याइतकी सोईची दुसरी गाडी क्वचितच सापडेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला विवेक हा की, दिव्याचे कोणते अंग घरी करावे व कोणते करू नये. कंस, पेटी, स्विचची पाटी, वायरींची बांधणी ही कामे गावातील लोहाराच्या व वायरमनच्या मदतीने उत्तम होतात. परंतु बल्बमागील आरसा व पुढील काच ही गणिताने घडविलेली असतात. पत्र्याच्या डब्यात प्रखर बल्ब बसविला म्हणजे दिवा झाला असे नव्हे. तो नुसता चकाकतो, वाट दाखवीत नाही. त्यापेक्षा जुन्या ट्रॅक्टरचा आरसा शाबूत असलेला दिवा घ्यावा. कंस जाड लोखंडी पट्टीचा असावा. पातळ पट्टी थरथरते, आणि तिच्याबरोबर समोरचा सारा रस्ता थरथरू लागतो.

दुसरा विचार विजेचा. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. युद्धकालीन जीपची विद्युत्‌व्यवस्था ६ व्होल्टची होती; तीवर तेवढ्याच वॉटला दुप्पट प्रवाह लागेल, म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने आधी हे पाहून घ्यावे. एवढा प्रवाह डॅशबोर्डावरील लहान स्विचमधून नेणे म्हणजे स्विच जाळणे होय. त्यासाठी रिले वापरतात. रिलेच्या ८५ व ८६ ह्या टोकांतून अल्प प्रवाह गेला की आतील लोहचुंबक जागा होतो, आणि बॅटरीकडून ३० ह्या टोकावर आलेला मोठा प्रवाह ८७ वरून दिव्याकडे जातो. दरवानाने इशारा पाहून वेशीचे दार उघडावे, तसे हे आहे.

वायर बारीक घेतली तर तिच्यातच व्होल्टेज खर्ची पडतो. हॅलोजन बल्बास मिळणारा व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून मोठा बल्ब आणण्याआधी वायर जाड करून पाहावी. दोन दिव्यांसाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर योग्य ठरते. बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडे बसवावे. नाही तर खडकाळ वाटेच्या धक्क्यांनी तिचे आवरण कापले जाते, उघडी तार चासीला टेकते, आणि फ्यूज नसेल तर बॉनेटखाली पेट घेते. पाच-पन्नास रुपयांच्या आळसाने गाडी व माणूस दोन्ही गमावण्याचा प्रसंग तो हाच. डायनॅमोची शक्तीही ध्यानी ठेवावी. चार-सहा दिवे लावून इंजिन मंद ठेवले तर बॅटरी उतरते, आणि पहाटे गाडी ढकलण्यास माणसे गोळा करावी लागतात.

तिसरा विचार जागेचा व रोखाचा. धुके व धूळ ह्यांत उंचावरील दिवा घातक ठरतो, कारण त्याचे किरण कणांवर आदळून चालकाच्याच डोळ्यांकडे परततात व समोर पांढरा पडदा उभा राहतो. दिवा बंपरवर, शक्य तितका खाली असला म्हणजे किरण धुक्याखालून जमिनीवर सरकतात. त्या कंदिलाची आठवण येथे होते. रोख पाहण्याची रीत सोपी आहे. सपाट जागी गाडी भिंतीपासून ८ मीटरवर उभी करावी, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी, आणि उजेडाची वरची कड त्या रेषेच्या चार बोटे खाली येईल असा दिवा वाकवावा. हे करताना मागे नेहमीचे ओझे असावे. कापसाचे गाठोडे किंवा सहा माणसे मागे बसली की गाडीचे तोंड वर उचलले जाते, आणि नीट लावलेला दिवाही आकाश पाहू लागतो.

हल्ली एल.ई.डी.च्या पट्ट्या स्वस्त मिळू लागल्याने छपरावर दिव्यांची माळ बांधण्याची हौस बळावली आहे. अशा पट्टीचा प्रकाश पुष्कळ, परंतु बहुधा बेशिस्त असतो. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या गृहस्थाचे डोळे दिपले की ते सावरण्यास काही सेकंद लागतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने तो दर सेकंदास ११ मीटर पुढे जातो. म्हणजे तेवढे अंतर तो आंधळाच चालतो. घाटात एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी असताना ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

कायद्यानेही हीच मर्यादा आखली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढील दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला असावा लागतो. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, त्याच्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला तो दिपवता कामा नये. नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून पुढे शोधदिवा लावण्यासही मनाई आहे. म्हणून शेतातील कामाच्या दिव्यास स्वतंत्र स्विच द्यावा, आणि डांबरी रस्ता लागताच तो मालवून त्यावर झाकण घालावे.

रस्त्यावर माणसेच असतात असे नाही. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने खामगावकडे जाणारा मार्ग ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. २०५ चौरस किलोमीटरच्या ह्या रानात अस्वल व बिबट्या नांदतात. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेते, ओढे व रस्ते ओलांडीत अखेर येथेच पोहोचला. गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे त्याची वाट माणसांना कळली. असा पांथस्थ प्रखर झोतात सापडला की पळण्याऐवजी जागीच खिळतो. प्राण्यांच्या ह्या दुर्बलतेचा लाभ शिकाऱ्यांनी पूर्वी घेतला आहे. १९४७ साली आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानात रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले गेले. भारतातील चित्त्यांची ती अखेरची खात्रीलायक नोंद समजतात. पुढे २०२२ मध्ये चित्ता पुन्हा आणावयाचा झाला तो आफ्रिकेतून.

जादा दिवा बसवावा की नाही, हा प्रश्नच नव्हे. ज्याला रात्री रानवाट तुडवावी लागते त्याने तो अवश्य बसवावा. मात्र उजेड वाढला म्हणून वेग वाढविला तर मिळविलेले सारे गमावले, हे त्याने विसरू नये. दिव्याचे काम पुरे झाल्यावर चतुर मालक आणखी एक गोष्ट करतो. दिवे लावून गाडी उभी ठेवतो, स्वतः शंभर पावले पुढे चालत जातो, आणि मागे वळून आपल्याच गाडीकडे पाहतो. तेथे त्याचे डोळे उघडे राहिले तर दिवा नीट बसला. मिटले तर पाना घेऊन परत यावे आणि दिवा आणखी थोडा खाली वाकवावा.