दुर्बीण, बेंबी आणि अपेंडिक्स

पोटात उजवीकडे खाली मोठ्या आतड्याला एक बोटभर शेपूट असते. शुद्ध मराठीत आंत्रपुच्छ. दुखू लागले की मात्र सगळ्यांच्या तोंडी अपेंडिक्सच. बेंबीभोवती सुरू झालेली कळ उजवीकडे सरकते, मळमळते, ताप येतो. मग ऑपरेशन कोणत्या पद्धतीने करायचे, हा प्रश्न उभा राहतो.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1894 साली वर्णन केलेला तिरका छेद शतकभर चालला. 1980 मध्ये जर्मनीतल्या कील शहरी कुर्ट झेम यांनी दुर्बिणीने अपेंडिक्स काढले. हे गृहस्थ स्त्रीरोगतज्ज्ञ! शल्यचिकित्सकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. आज तीच पद्धत सर्रास चालते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, तीन छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारे आत जातात, मुळाशी गाठ मारून शेपूट कापून बाहेर काढतात. जखम पिकण्याचे प्रमाण कमी, घरीही लवकर जाता येते. पोटाच्या आत पू साठण्याचा धोका मात्र काही अभ्यासांत दुर्बिणीत किंचित जास्त आढळला.

पुढची पायरी एकाच छिद्राची. सारे काही बेंबीतून. आमच्या आपाने भाचीच्या वेळी हीच मागितली. लग्नाच्या मुलीची आई व्रणाचेच विचारणार! व्रण बेंबीत लपतो हे खरे; पण हत्यारे एकमेकांवर आपटतात, वेळ जास्त लागतो, आणि दुखण्यात फारसा फरक पडत नाही. माझ्या मते एवढ्यासाठी हट्ट धरू नये.

हैदराबादच्या जी. व्ही. राव आणि नागेश्वर रेड्डी यांनी तर तोंडावाटे दुर्बीण घालून, जठराला छिद्र पाडून अपेंडिक्स काढून दाखवले. बाहेर ओरखडाही नाही. थक्क व्हायला होते, पण ही वाट रुळली नाही. जठराचे छिद्र पक्के बंद करणे सोपे नसते.

दुर्बिणीसाठी बहुधा पूर्ण भूल लागते. जुना छेद कमरेत इंजेक्शन देऊनही घेता येतो. म्हणून रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावी दुर्बीण नसेल आणि सर्जन म्हणाले, 'फुटायच्या बेतात आहे, इथेच उघडतो,' तर व्रणासाठी शहराची गाडी शोधत बसू नये. सर्जनना एवढेच विचारावे, तुमचा हात कोणत्या पद्धतीत बसला आहे?