बंद खोलीतील निळी ज्योत



नेवासा म्हटले की महाराष्ट्रातील प्रत्येक माणसाला पैसाचा खांब आठवतो. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरीची रचना याच प्रवराकाठी झाली. ‘पैस’ म्हणजे मोकळा अवकाश, विस्तार. ‘ऐसपैस’ या नेहमीच्या शब्दात तो आजही नांदतो. आजचा विषय तसा सामान्य, घरगुती आहे. परंतु त्याचा संबंध या पैसाशीच आहे, कारण अग्नीलाही पैस लागतो. तो न मिळाला तर अग्नी खोलीतील माणसाच्या वाट्याची हवा घेतो आणि बदल्यात एक असा वायू देतो, की ज्याला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही.

मार्गशीर्ष-पौषात या तालुक्यात थंडी चांगली पडते. काही रात्री पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. पाण्याची पातळ पाळी दिलेल्या उसाच्या शेतालगत तर गारठा अधिकच. अशा रात्री ठिकठिकाणी ऊब केली जाते. नेवासा फाट्यावरील गॅरेजमध्ये रात्रपाळीचा कारागीर शटर खाली ओढून छोट्या सिलिंडरवरील शेगडी पेटवतो. कोंबडीपालनाच्या शेडमध्ये एक दिवसाच्या पिलांसाठी गॅसचा ब्रूडर लावून चहूबाजूंनी पोत्यांचे पडदे सोडले जातात. भेंडे आणि सोनई येथील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजूर कोपीत निखारे भरून घेतात. आणि बाळंतिणीच्या खोलीत, दारेखिडक्या लावून, बाजेखाली शेगडी सरकवली जाते. या चारही ठिकाणचे इंधन निराळे, माणसे निराळी. धोका मात्र एकच आहे.

हा धोका पूर्वीही होता, मग आजच त्याची चर्चा कशासाठी? याचे उत्तर घरांच्या बांधणीत सापडते. जुन्या माळवदाच्या घराला छतात साणे असे. त्यातून उजेड येई आणि चुलीचा धूर बाहेर जाई. कुडाच्या भिंतीतून, कौलांच्या फटींतून वारा आपोआप खेळत राही. त्या घरातील धूर डोळ्यांना आणि छातीला घातक होता, यात शंका नाही. गृहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या तो सोसला. परंतु तो धूर माणसाला खोकला आणून बाहेर तरी काढीत असे. आता सिमेंटचा स्लॅब, लोखंडी चौकटी, काचेची तावदाने आणि पत्र्याचे शटर आले. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे गॅस खेड्यापाड्यांतील स्वयंपाकघरांत पोहोचला आणि असंख्य स्त्रियांची धुरापासून सुटका झाली. हे मोठेच काम आहे. मात्र त्याबरोबर एक समजूतही घरात शिरली. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी ती समजूत. ती खोटी आहे, आणि या व्याख्यानाचे प्रयोजन एवढेच आहे.

प्रथम ज्योतीचा हिशेब पाहू. आपल्याकडील सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण द्रवरूपात भरलेले असते. एक किलो प्रोपेन पूर्णपणे जळण्यास सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. जळल्यावर त्यातून तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने निघते. बंद खोलीच्या भिंतींना सकाळी जो ओलावा दिसतो, तो बहुतांशी याचाच. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीत अवघी अठ्ठावीस घनमीटर हवा मावते. ताशी पाव किलो गॅस जाळणारा हीटर आठ तास चालला तर तो दोन किलो गॅस संपवील आणि त्यासाठी सव्वीस घनमीटर हवा मागेल. म्हणजे जवळजवळ सगळी खोली! प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येत राहते, म्हणून हिशेब इतका काटेकोर उतरत नाही. पण ज्याने दाराखालच्या फटीतही गोधडी कोंबली आहे, त्याच्या खोलीत तो बराचसा उतरतो.

हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे एकवीस टक्के असते. ते अठरा टक्क्यांच्या आसपास आले की ज्योत नीट जळेनाशी होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. चांगल्या बनावटीच्या फिरत्या हीटरमध्ये प्राणवायू एवढा घटताच गॅस आपोआप बंद करणारी योजना असते. सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेल्या उघड्या बर्नरमध्ये ती नसते. पिवळी, काजळी धरणारी ज्योत दिसली तर जळण अपुरे आहे हे ओळखावे. पण ज्योत निळी आहे एवढ्यावरून निर्धास्त होण्याचे मात्र कारण नाही. निखाऱ्यांची शेगडी तर याहून फसवी. लाकडाचा जाळ ओसरून लालभडक कोळसे उरले, धूर थांबला, की ‘आता शेगडी आत घ्या’ असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. आणि नेमक्या याच अवस्थेत तिच्यातून हा वायू मुबलक निघत असतो.

या वायूचे शरीरात काय होते? रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलते आणि सर्वांगाला पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. हवेच्या दहा हजार भागांत त्याचे चार भाग झाले तरी तास-दोन तासांत डोके दुखू लागते. सोळा भाग झाले तर वीस मिनिटांत डोकेदुखी, घेरी, मळमळ सुरू होते आणि तास-दोन तासांत प्राणावर बेतते. त्याआधीच हातपायांतील बळ जाते. दार चार पावलांवर असते, ते उघडावे हेही कळते, पण उठवत नाही. झोपलेल्या माणसाला तर एवढेही कळत नाही.

2020 सालच्या जानेवारीत नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळमधील आठ प्रवासी एका खोलीत झोपले होते. त्यांत चार मुले होती. खोली उबदार राहावी म्हणून गॅसचा हीटर आत घेतलेला होता, दारेखिडक्या आतून बंद होत्या. सकाळी ते बेशुद्ध आढळले. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेण्यात आले, पण आठांपैकी एकही वाचला नाही. त्या रात्री तेथे ना आग लागली होती, ना स्फोट झाला होता. फार मागे जायचे तर विख्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा 1902 साली पॅरिसमधील स्वतःच्या घरात असाच अंत झाला. शेगडीचे धुराडे तुंबलेले होते. तात्पर्य, हा वायू शिकलेला-न शिकलेला असा भेद करीत नाही.

बाळंतिणीच्या खोलीविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे, कारण येथे धोका दोन जिवांना आहे. शेक-शेगडीमागची माया आणि बाळाला गारठा लागू नये ही काळजी योग्यच आहे. वास्तविक नवजात बालकाला ऊब हवीच. परंतु त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा निराळ्या घडणीचे असते आणि ते हा विषारी वायू अधिक आवेगाने धरून ठेवते. माता रक्तक्षयाने अशक्त असेल तर तिच्याजवळही राखीव बळ नसते. बाळ मलूल झाले, पीत नाही, आईचे डोके धरले आहे, अशी तक्रार आली की दृष्ट काढली जाते. शेगडी मात्र बाजेखालीच राहते. खोली आधी तापवून घ्यावी, शेगडी बाहेर काढावी, मग बाळ-बाळंतिणीने आत यावे. आणि बाळाला आईच्या अंगाशी, कपड्यांच्या घडीत ठेवावे. हे सांगण्यास आशाताई आणि अंगणवाडी सेविकेइतके योग्य माणूस दुसरे नाही, कारण त्यांना त्या खोलीत मुक्त प्रवेश असतो.

गॅरेजची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे विषारी वायूच्या जोडीला गळतीचेही भय असते. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर जाऊन विरत नाही, पाण्यासारखा जमिनीलगत सरकतो आणि खोलगट जागा शोधतो. वाहनाखाली उतरून काम करण्यासाठी खणलेला खड्डा ही त्याची आवडती जागा. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास झाले की ठिणगी पुरते. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तो वास आला तर बटण लावू नये आणि बंदही करू नये, रेग्युलेटर बंद करावा, शटर हाताने वर करावे, माणसे बाहेर काढावीत आणि 1906 या क्रमांकावर कळवावे. पण वासाची ही सोय गळतीपुरतीच आहे. ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला असा कोणताही वास लावलेला नसतो. शटर खाली ओढून वाहनाचे इंजिन किंवा वीज गेल्यावर जनित्र आत चालवणे हाही त्याच वायूचा पुरवठा होय. मोठ्या सिलिंडरमधून लहानात गॅस भरण्याचा जो उद्योग रस्त्याकडेला चालतो, तो बेकायदा तर आहेच, शिवाय त्या लहान सिलिंडरची कधी तपासणी झालेली नसते. पाच किलोचा अधिकृत सिलिंडर वितरकाकडे मिळतो.

कोंबडीपालकांनी एक जुनी हकिगत ध्यानात ठेवावी. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत कामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत असत, कारण विषारी वायूने पक्षी माणसाच्या आधी कोसळतो; ही प्रथा 1986 पर्यंत टिकली. ब्रूडरखाली पहिल्या आठवड्यात सुमारे पस्तीस अंश उष्णता लागते, हे खरे. पण ती टिकवण्यासाठी पडदे छतापर्यंत बांधून टाकले तर पिले मलूल होतात, पुढे त्यांच्या पोटात पाणी होण्याचा विकार बळावतो, आणि कारण मात्र खाद्यात शोधले जाते. शिवाय त्याच शेडमध्ये राखणीचा माणूस झोपतो. वरचा वीतभर पडदा मोकळा ठेवल्याने गॅस थोडा अधिक लागेल. तो खर्च सोसावा.

उपाय काय, असे विचारले जाईल. जेथे ज्योत आहे तेथे दोन झरोके हवेत, एक जमिनीलगत आणि एक छतालगत, आणि दोन्ही कधीही बुजवता न येणारे. खालच्यातून जड गॅसला वाट मिळते आणि ताजी हवा येते, वरच्यातून तापलेली दूषित हवा जाते. झोपण्यापूर्वी ज्योत विझली पाहिजे. तिला अपवाद नाही. न्हाणीघरातील गॅसच्या गीझरला हाच नियम लागू असून तो शक्य तर बाहेरच बसवावा. ग्रामपंचायतीकडे बांधकामाचा नकाशा येतो तेव्हा सदस्यांची नजर बहुधा हद्दीवर आणि गटारावर असते. न्हाणीघराच्या आणि गाळ्याच्या झरोक्यावरही ती जावी. शिक्षकांना तर वर्गातच प्रयोग करता येईल. जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा ठेवावा, आणि ज्योत विझेपर्यंत मुलांना मोठ्याने अंक मोजू द्यावेत. लहान पेला आणि मोठी बरणी यांतला फरक मुले घरी जाऊन सांगतील.

एवढे करूनही कोणी बेशुद्ध आढळला तर आधी दारेखिडक्या सताड उघडाव्यात, श्वास रोखून त्याला बाहेर ओढावे आणि 108 ची रुग्णवाहिका बोलवावी. कांदा हुंगवणे, पाणी पाजणे यांत वेळ दवडू नये. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. मुखवट्याद्वारे शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तासा-दीड तासात तेच काम होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. करोनाच्या काळात घरोघर पोहोचलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे फसवतो. विषारी वायूने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते, आणि मरणोन्मुख रोग्याचा आकडा तो अठ्ठ्याण्णव दाखवू शकतो. म्हणून आकडा पाहण्याआधी नातेवाइकांना विचारावे: खोलीत काय पेटवले होते, आणि दार बंद होते का? घरातील इतरांचेही डोके दुखत असेल तर त्यांनाही थांबवून घ्यावे, त्या खोलीत परत पाठवू नये.