घरातील जादा सॉकेट : सोय आणि सुरक्षितता

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



खोलीत विजेचे एखादे जादा सॉकेट बसवावयाचे, यात भाषण करण्यासारखे ते काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या खेड्यापाड्यांत वीज आली तेव्हा खोलीला एक दिवा आणि फार तर रेडिओपुरते एक सॉकेट पुरत असे. आज त्याच भिंतीतील त्याच तारांवर दूरदर्शन संच, मिक्सर, फ्रीज, इस्त्री आणि मोबाइलचे चार्जर यांचा भार पडला आहे. शाळेत संगणक आला, पंचायतीच्या कार्यालयात प्रिंटर आला. गरजा वाढल्या, तारा मात्र जुन्याच राहिल्या. मग एका सॉकेटवर तीन-तीन प्लग चढविले जातात, किंवा प्लगच नसल्यास उघड्या तारा आगपेटीच्या काड्या खुपसून छिद्रांत घट्ट केल्या जातात. अपघाताला निमंत्रण मिळते ते येथे.

प्रथम भाराचा हिशेब पाहू. घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असते. लहान सॉकेट ६ अँपिअरचे व मोठे १६ अँपिअरचे असते. दाबाला प्रवाहाने गुणले की वॉट मिळतात. म्हणजे लहान सॉकेटची मर्यादा १,३८० वॉट व मोठ्याची ३,६८० वॉट झाली. पाणी तापविण्याचा १,५०० वॉटचा रॉड सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो. म्हणून त्याची जागा मोठ्या सॉकेटवरच होय.

परंतु सॉकेटची मर्यादा वेगळी आणि त्यामागील सर्किटची मर्यादा वेगळी. दिवे, पंखे व लहान सॉकेट मिळून एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट नसावेत आणि एकूण भार ८०० वॉटच्या आत असावा, असा वायरिंगचा रूढ दंडक आहे. १,००० वॉटची इस्त्री लहान सॉकेटला झेपते. दिव्यांच्या सर्किटला झेपत नाही. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. भिंतीच्या आत तारेचे वेष्टन कडक होऊन तडकत जाते आणि धूर दिसेपर्यंत घरधन्यास त्याची वार्ताही लागत नाही.

यावरून जादा सॉकेटची जोडणी कोठून घ्यावी हे ठरते. चार्जर किंवा टेबलावरील दिवा यांसाठी जवळच्या सर्किटवर वाव असल्यास लहान सॉकेट घेता येईल. त्याला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. इस्त्री, रॉड, गिझर यांसाठी मात्र मुख्य फलकापासून स्वतंत्र सर्किट ओढावे. त्याची तार किमान अडीच चौरस मिलिमीटरची असावी आणि त्यावर दोनपेक्षा अधिक मोठी सॉकेट नसावीत. तार व सॉकेट दोन्ही भारतीय मानक चिन्ह असलेलीच घ्यावीत. एकूण वापर मंजूर भारापेक्षा वाढत असेल, तर वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अर्थिंगचा. सॉकेटचे वरचे मोठे छिद्र शोभेचे नव्हे. समोरून पाहता उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल व वर अर्थ अशी जोडणी असते, आणि बटण नेहमी फेजच्या तारेवरच असावे लागते. अनेक घरांत तिसरे छिद्र असते, पण त्यामागे हिरवी तारच नसते. त्याहून वाईट म्हणजे काही कारागीर सॉकेटमध्येच अर्थ व न्यूट्रल एकत्र जोडून देतात. अशा ठिकाणी न्यूट्रल तुटली, की इस्त्रीच्या किंवा फ्रीजच्या पत्र्यातच वीज उतरते. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे सॉकेट उत्तम, हा समजही चुकीचा आहे. टेस्टर फेज दाखवितो. अर्थिंग आहे की नाही हे सांगत नाही. शिवाय मुरमाड व खडकाळ जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग दुबळे होते. त्यासाठी अर्थिंगच्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे.

फ्यूज किंवा एम.सी.बी. तारेचे रक्षण करतात. माणसाचे रक्षण करण्यास ते समर्थ नाहीत. १,००० वॉटच्या इस्त्रीतून चार अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो, तर माणसाच्या प्राणावर बेतण्यास त्याचा अल्पसा अंशही पुरतो. म्हणून ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच वीज तोडणारे आर.सी.सी.बी. हे उपकरण मुख्य फलकावर असावे आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

हे काम कोणी करावे? दिवा, पंखा, फ्यूज, बटण पूर्वीच्याच क्षमतेचे बदलणे वेगळे. पण नवा पॉइंट म्हणजे मांडणीत भर घालणे होय. असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे, असा नियम आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री व तारतंत्री हे व्यवसाय शिकून आलेले तरुण गावोगावी आहेत. त्यांनी रीतसर परवाना घ्यावा, यासाठी पंचायतीने त्यांना प्रोत्साहन द्यावे. काम करून घेताना मुख्य स्विच बंद आहे ना, हे घरच्यांनीही पाहावे. आणि शेवटी मेगर लावून तपासणी केल्याखेरीज पैसे चुकते करू नयेत.

मित्रहो, आपल्या गावातील शाळा, अंगणवाडी व पंचायतीचे कार्यालय येथूनच या कामास आरंभ व्हावा. पावसाळ्यापूर्वी या तीन इमारतींतील प्रत्येक सॉकेटची अर्थिंग तपासून घ्यावी व त्याची नोंद दप्तरी ठेवावी. ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. शिक्षकांनी भाराचा हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या घराचा करून घ्यावा. गुणाकार त्यांना येतोच. ओल्या हाताने इस्त्री धरणाऱ्या आईला वेळीच थांबविणारे मूल ज्या घरात आहे, त्या घरात विजेची सोय निर्धोकपणे नांदेल.