एका छावणीची दोन नावे



छावणीचा इतिहास सांगताना विद्वान लोक सेनापतींपासून आरंभ करतात. आम्ही मजुरांपासून करतो. आमचे आयुष्य त्यांच्यातच गेले.

उत्तर जर्मनीत बेल्सन नावाचे खेडे आहे. १९३५ साली हिटलरच्या लष्कराने तेथे रणगाड्यांच्या शिक्षणासाठी पक्क्या इमारतींची छावणी बांधायला घेतली. जवळच मजुरांसाठी लाकडी झोपड्या ठोकल्या. काम संपले, मजूर गेले, झोपड्या उरल्या. १९४० मध्ये त्यांत फ्रेंच व बेल्जियन युद्धकैदी कोंडले. पुढच्या वर्षी रशियन कैदी आले. त्यांना झोपड्याही मिळाल्या नाहीत. जमिनीत खड्डे खणून ते राहिले. एप्रिल १९४२ पर्यंत त्यांतले सुमारे १४ हजार मेले. १९४३ पासून तेथे ज्यूंना डांबले. ॲन फ्रँकची रोजनिशी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. ती मुलगी १९४५ च्या आरंभी तेथेच वारली.

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य पोचले, तेव्हा सुमारे ६० हजार कैदी हयात होते आणि हजारो प्रेते उघड्यावर पडली होती. टायफसच्या भयाने झोपड्या जाळल्या. वाचलेल्यांना त्या पक्क्या लष्करी इमारतींत हलविले. सुटकेनंतरही हजारो दगावले. उरलेल्यांतल्या बहुतेक ज्यूंना परतायला घर नव्हते. पण माणसे स्वस्थ बसली नाहीत! त्यांनी कमिटी निवडली. योसेफ रोझेनसाफ्ट तिचे अध्यक्ष. शाळा काढली, नाटके केली. वृत्तपत्रही काढले, छापायला खिळे नव्हते म्हणून आधी ते हातानेच लिहिले. सुमारे दोन हजार मुले त्या वस्तीत जन्मली.

आणि मग भांडण लागले ते नावावरून. ब्रिटिशांनी वस्तीला 'होने' म्हणायचे ठरविले. बेल्सन हे नाव जगाच्या कानी बसले होते; ते पुसले जावे, हा हेतू आम्हाला तरी उघड दिसतो. कमिटीने बेल्सन सोडले नाही. नावाचा कसला हट्ट, असे कोणी म्हणेल. एका कारखान्यात वर्षानुवर्षे राबणाऱ्यांची नावे मस्टरवर 'बदली' म्हणूनच चढत. त्या एका शब्दासाठी आम्ही दोन वर्षे भांडलो आहोत. आम्हाला तो हट्ट समजतो.

१९५० साली वस्ती उठली. पुढे ब्रिटिश पलटणी २०१५ पर्यंत तेथे राहिल्या, आणि त्यांच्या कागदांत नाव 'होने' हेच राहिले. सुटकेनंतर मेलेल्यांच्या कबरी मात्र छावणीच्या आवारातच आहेत.