तहाच्या बैठकीत बाई कुठे असते?
(पाली येथील महिला मेळाव्यातील भाषण)



इथल्या बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी घंटा आपण सगळ्याजणी वाजवतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांकडून मिळालेली ती घंटा, असं सांगतात. विजयाची आठवण अशी देवळात टांगून राहते. तहात कोणाला काय हवं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही. आज मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

१७५६ च्या फेब्रुवारीत, वसईनंतर सतरा वर्षांनी, नानासाहेब पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. शत्रू एक, पण हेतू दोन. पेशव्यांना न जुमानणारा सरदार नमवायचा होता आणि किल्ला हवा होता. इंग्रजांना मुंबईच्या व्यापारासाठी समुद्र मोकळा हवा होता. किल्ल्यात आधी इंग्रज शिरले. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली आणि किल्ला कित्येक महिने सोडला नाही. ऑक्टोबरात पुण्याला तह झाला. पेशव्यांना विजयदुर्ग मिळाला. इंग्रजांना सावित्रीच्या मुखावरचं, हरिहरेश्वरासमोरचं बाणकोट आणि काही गावं मिळाली. शिवाय डचांना व्यापारातून दूर ठेवण्याचं वचनही त्यांनी घेतलं. आंग्र्यांचं आरमार तर लढाईतच जळालं होतं. पेशव्यांनी किल्ला मिळवला, समुद्र इंग्रजांना मोकळा झाला.

त्या किल्ल्यात तुळाजींची म्हातारी आई, बायका आणि लेकरं होती. इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन त्यांना भेटायला गेला. त्या रडत होत्या, त्यानं त्यांना धीर दिला, असं त्याच्या जहाजावरच्या आइव्ह्ज या डॉक्टरनं लिहून ठेवलं आहे. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारले. जेत्यानं दया दाखवली, चांगलं झालं. पण दया म्हणजे हक्क नव्हे. तुम्हाला काय हवं, असं त्या बायांना कोणी विचारलं नाही.

१९१९ साली पहिल्या महायुद्धाचा तह होताना असंच झालं. फ्रान्सला जर्मनी कायमचा दुबळा हवा होता, इंग्लंडला आपलं आरमार आणि व्यापार सांभाळायचा होता, अमेरिकेच्या विल्सनना राष्ट्रसंघ हवा होता. त्याच मे महिन्यात झुरिकला जिंकलेल्या आणि हरलेल्या देशांतल्या बाया एकत्र बसल्या. या अटींतून पुन्हा वैरच उगवेल, असं त्यांनी बजावलं. वीस वर्षांनी दुसरं महायुद्ध पेटलं.

हे दूरचं वाटतं का? मी गावकीच्या एका समेटाला बसले होते. सासरला काम करणारे हात हवे होते, माहेरला अब्रू सांभाळायची होती, पंचांना पोलीस केस टाळायची होती. तिघांचे हेतू वेगळे, पण समेट झाला. जिनं मार खाल्ला होता, ती दाराशी उभी होती.

म्हणून समेटाचा कागद पुढे आला की आधी तीन प्रश्न विचारूया. यात कोणाला काय हवंय? किंमत कोण मोजणार? आणि तिला विचारलंय का?

तिला आत बोलावल्याशिवाय आपण सही करायची नाही.