बोलणारं कापड : कांगा

 

‘कांगा’ म्हटलं की मुंबईकरांना पावसाळ्यातली क्रिकेटची कांगा लीग आठवेल. पण आजचा आपला कांगा वेगळा आहे. हे आहे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं, म्हणजे झांझिबार, मोम्बासा, दार-ए-सलाम या स्वाहिली पट्ट्यातल्या बायकांचं रोजचं कापड. आणि हे कापड चक्क बोलतं, बरं का!

आधी ते दिसतं कसं ते सांगते. साधारण दीड मीटर लांब, एक मीटरच्या आसपास रुंद सुती कापड. चारही बाजूंनी ठळक किनार, तिला म्हणतात ‘पिंडो’. मधली नक्षी म्हणजे ‘म्जी’. आणि खालच्या किनारीजवळ एका चौकटीत छापलेलं एक वाक्य. त्याला म्हणतात ‘जिना’, म्हणजे नाव. कांगा जोडीनं विकला जातो. एक कमरेला किंवा छातीशी गुंडाळायचा, दुसरा डोक्या-खांद्यावरून घ्यायचा.

खरी गंमत त्या वाक्यात आहे. एक अगदी लाडकं वाक्य ऐका: ‘नानी कामा मामा’. थांबा, यात आजी पण नाही आणि मामा पण नाही! स्वाहिलीत ‘नानी’ म्हणजे कोण आणि ‘मामा’ म्हणजे आई. आईसारखं कोण आहे? असा कांगा मुलं आईला भेट देतात.

पण सगळीच वाक्यं इतकी गोड नसतात. एक आहे, ‘उसिसाफिरिए न्योटा या म्वेन्झिओ’. म्हणजे दुसऱ्याच्या ताऱ्यावर भरवसा ठेवून प्रवासाला निघू नकोस. आता समजा, शेजारीण सतत तुमची नक्कल करते. तिला तोंडावर बोललात तर भांडण. त्यापेक्षा हा कांगा नेसायचा आणि तिच्या दारावरून शांतपणे बाजारात जायचं. तिनं विचारलंच, ‘हे मला उद्देशून का गं?’ तर उत्तर तयार: ‘छे गं, मला रंग आवडला म्हणून घेतला!’

आपल्याकडे याला काय म्हणतात? लेकी बोले सुने लागे! आणि आजच्या भाषेत, एकाच माणसासाठी ठेवलेलं व्हॉट्सअॅप स्टेटस.

आता जरा मागे जाऊया. एकोणिसाव्या शतकात झांझिबार हे गुलामांच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं. अंगावरच्या कपड्यावरून कोण मालक आणि कोण गुलाम हे कळायचं. गुलाम बायकांच्या वाट्याला अमेरिकेहून येणारं जाडंभरडं ‘मेरिकानी’ कापड, नाहीतर तेच गडद निळं रंगवलेलं ‘कानिकी’. नक्षी नाही, रंगांची निवड नाही.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात कांगा आला. असं सांगतात, की पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आणलेले रुमाल बायकांनी एकमेकांना जोडून शिवले आणि त्यातून हे कापड घडलं. मोम्बासाकडे आजही त्याला ‘लेसो’ म्हणतात, म्हणजे मुळात रुमालच. आणि ‘कांगा’ हे नाव ठिपकेदार गिनी फाउल पक्ष्याचं. सुरुवातीच्या कापडांवर तसेच ठिपके असायचे म्हणे.

1897 साली झांझिबारमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. मुक्त झालेल्या बायकांनी मेरिकानी आणि कानिकी बाजूला टाकलं आणि रंगीत, नक्षीदार कांगा नेसायला सुरुवात केली. विचार करा, आयुष्यभर दुसऱ्यानं दिलेलं अंगावर घातलं, आणि आता दुकानात उभं राहून ‘हा नको, तो दाखवा’ म्हणायचं. आपल्याला ही साधी खरेदी वाटते. त्यांच्यासाठी तो स्वातंत्र्याचा रोजचा पुरावा होता.

वाक्यं थोडी नंतर आली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याचं श्रेय बहुतेक वेळा मोम्बासातले भारतीय वंशाचे व्यापारी कादरदिना हाजी एसाक यांना दिलं जातं. आधी वाक्यं अरबी लिपीत असायची, नंतर रोमन लिपीत आली. आजही बरेच कांगे भारतात छापून तिकडे जातात. म्हणजे छापणाऱ्याला वाचता येत नाही असा टोमणा जहाजात बसून समुद्रापार पोचतो!

कांग्याचं काम नुसतं नेसण्यावर संपत नाही. बाळ त्यात गुंडाळतात, पाठीवर बांधतात. लग्नात तो भेट म्हणून देतात, मयतावर पांघरतात. आपल्या आजीच्या लुगड्याची शेवटी गोधडी व्हायची ना, तसा जुना कांगा घरातच झिजतो.

मला सगळ्यात भिडलेलं वाक्य आहे, ‘जापो सिपाती, तामा सिकाती’. मिळत नसलं तरी मी आस सोडलेली नाही. हे नवऱ्याला सांगायचंय, सासरच्यांना की नशिबाला, ते नेसणारीलाच ठाऊक. वाक्य छापखान्याचं असतं, पण कोणत्या दिवशी, कोणासमोर नेसायचं, हे ती ठरवते. जिथे बाईनं मोठ्यानं बोललेलं चालत नाही, तिथे एवढी निवडसुद्धा मोठी असते.

आपलं स्टेटस चोवीस तासांत उडून जातं. कांग्यावरचं वाक्य मात्र कापड विरेपर्यंत टिकतं. तर मंडळी, तुमच्या कांग्यावर कोणतं वाक्य असेल? आणि ते नेसून तुम्ही कोणाच्या दारावरून जाल? नाव नका सांगू, नुसतं वाक्य पाठवा!

भेटूया पुढच्या भागात.