निधी येतो-जातो, संस्था टिकली पाहिजे
(परभणी येथे भरलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या जिल्हा परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)

शेजारच्या जिल्ह्यांतून आलेले पाहुणे, आणि सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतून पहाटेची एसटी धरून आलेल्या माझ्या कार्यकर्त्या बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या आणि समस्त परभणीकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

संत जनाबाईंचे गंगाखेड या जिल्ह्यातले आणि कवी बी. रघुनाथही परभणीचेच. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठची ही काळी जमीन. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळत होता, त्याच वर्षी इथे कृषी विद्यापीठ उभे राहिले. या गोष्टींचा आम्हाला अभिमान आहे. पण पाहुण्यांपुढे केवळ वैभव मांडून भागणार नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या महिलांपैकी अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते, तर परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होते. दिवाळीच्या सुमारास उसाच्या कोयत्यासोबत गाव सोडणारी कुटुंबे, त्यांच्या मुलांची शाळा, कोरडवाहू कापूस आणि सोयाबीनवरचे कर्ज, ही आमची रोजची कामे आहेत. या कामांना हात घालणाऱ्या संस्था बहुतेक लहान आहेत. एक खोली, दोन-तीन कार्यकर्ते आणि एक फटफटी एवढाच त्यांचा पसारा. आजची परिषद त्यांच्यासाठी आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण लहानपणापासून अभिमानाने म्हणत आलो. आजच्या विषयात जर्मनीचे नाव खरोखरच घ्यावे लागेल. परदेशी मदतीतून स्थानिक संस्था कशी उभी राहते, याचा महाराष्ट्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा म्हणजे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. मूळचे स्वित्झर्लंडचे आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर परिसरात आयुष्य घालवलेले फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून १९८९ मध्ये त्याची आखणी झाली. पैसा जर्मन सरकारचा. तो केएफडब्ल्यू या बँकेकडून नाबार्डमार्फत येई. मात्र मोठी रक्कम येण्याआधी क्षमताबांधणीचा स्वतंत्र टप्पा होता. तो सांभाळण्यासाठी फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे 'वॉटर' ही संस्था उभी केली.

हा टप्पा कसा चाले, ते पाहण्यासारखे आहे. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा ठराव ग्रामसभेत घ्यायचा. गाव पाणलोट समिती नेमायची. मग संस्थेचा कार्यकर्ता गटनंबरनिहाय प्रत्येक शेतात जायचा. शेतकरी आणि त्याची बायको दोघेही बांधावर हजर असायचे. उतार किती, मातीचा थर किती, बांध कुठे घालायचा, झाड कोणते लावायचे, हे त्या दोघांशी बोलून कागदावर उतरवायचे. आधी एखाद्या लहान क्षेत्रावर काम करायचे, त्याचा हिशेब गावाने आणि संस्थेने मिळून ठेवायचा, आणि तो जमला की मगच पूर्ण पाणलोटाचा निधी यायचा. तोही समिती आणि संस्था यांच्या संयुक्त खात्यात. काम संपल्यावर देखभालीसाठी गावाच्या हाती वेगळा निधी राहायचा. पेरणीआधी मशागत करावी, तशी ही माणसांची आणि हिशेबाची मशागत होती.

तिचे फळ आपल्या शेजारीच आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ पासून या कार्यक्रमाचे काम झाले. ते केले विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने. जर्मनीचा पैसा थांबून किती वर्षे झाली, पण माथा ते पायथा झालेले काम, शेततळी आणि द्राक्षबागा कडवंचीत आजही उभ्या आहेत. २०१२ च्या दुष्काळातही हे गाव तगून राहिले. जर्मन पैसा संपला तेव्हा काम जाणणारी संस्था आणि पाण्याचा हिशेब कळणारे गाव मागे राहिले होते. परदेशी मदतीचे मोजमाप मी याच एका कसोटीवर करतो. निधी संपल्यानंतर मागे काय राहिले?

या कसोटीला उतरणारी आणखीही कामे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केले. घरदुरुस्तीची कामे संपली, तरी त्या बायकांचे संघटन मराठवाड्यात वाढतच गेले. महिला आर्थिक विकास महामंडळाने आयफॅड या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीने २००७ पासून तेजस्विनी कार्यक्रम राबवला. त्यातून बचतगटांची लोकसंचालित साधन केंद्रे झाली. परभणी जिल्ह्यातही ती आहेत. व्यवस्थापकाचा पगार आणि कार्यालयाचे भाडे सेवाशुल्कातून निघावे, हे उद्दिष्ट तिथे पहिल्या दिवसापासून होते. पालम तालुक्यात केरवाडीच्या 'स्वप्नभूमी'ने मुलांसाठी वर्षानुवर्षे काम करून, ग्रामीण भागात राहूनही संस्था किती खोल रुजू शकते, हे दाखवले आहे.

मात्र याच कसोटीवर पुष्कळ प्रकल्प नापास होतात, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. तीन वर्षांचा प्रकल्प येतो. कार्यकर्त्यांची भरती होते, प्रशिक्षणे होतात, फोटो जातात, अहवाल जातो. मार्च संपतो आणि त्याच कार्यकर्त्याला 'आता काम नाही' असे सांगावे लागते. गावाने ज्याच्यावर विश्वास टाकलेला असतो, तो माणूस निघून जातो. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात बैठकीचा चहा बसतो, पण हिशेबनिसाचा पगार बसत नाही. संस्थेच्या विश्वस्त मंडळात बदल झाला, पण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट प्रलंबित, म्हणून बँकेत सही बदलत नाही आणि आलेला धनादेश वटत नाही. चांगले काम करणाऱ्या किती संस्था अशा कागदांपायी अडकल्या आहेत, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

बाहेरचे वारेही बदलले आहे. २०१६ मध्ये इस्तंबूलला आपत्ती-मदतीवर भरलेल्या जागतिक परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आपत्ती-मदतीतला एक चतुर्थांश पैसा स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांकडे शक्य तितका थेट देण्याचे वचन दिले. ते वचन मुदतीत पाळले गेले नाही. १ जुलै २०२५ ला अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेचे काम अधिकृतपणे थांबले आणि जगभरच्या संस्थांवर एका झटक्यात संकट आले. आपल्याकडे विदेशी अंशदान कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पूर्वी पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत पालम किंवा सोनपेठच्या छोट्या संस्थेपर्यंत ज्या वाटेने पैसा झिरपत असे, ती वाट बंद झाली. कायद्याच्या चौकटीत राहूनच काम करायचे आहे, यात दुमत नाही. म्हणूनच आता पैशाऐवजी ज्ञान, कौशल्य आणि व्यवस्था एकमेकांना देण्याची वाट आपण तयार केली पाहिजे.

स्वागताध्यक्ष या नात्याने मी या परिषदेपुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, देणगीदारांसाठी. ते परदेशातले असोत वा सीएसआरचे, त्यांनी उपक्रमाबरोबर संस्थेलाही पैसा द्यावा. हिशेबनीस, कार्यकर्त्याचा भविष्य निर्वाह निधी, संस्थेची दुसरी फळी, हा खर्च म्हणजे उधळपट्टी नव्हे. मदतीचे काम याच खर्चातून टिकते. आणि मोठ्या रकमेआधी शिकण्याचा टप्पा द्यावा.

दुसरी, आपल्यासाठी. वेळेवर लेखापरीक्षण, वेळेवर चेंज रिपोर्ट, ठराव पुस्तकात खरी चर्चा आणि विश्वस्तांत गावातल्या बायका आणि तरुण, हे कुणी मागेल म्हणून करू नये. ज्या लोकांच्या नावाने आपण पैसा मागतो, त्यांना वर्षातून एकदा ग्रामसभेत उभे राहून हिशेब सांगितला, तर देणगीदाराला समजो न समजो, गाव आपल्या पाठीशी उभे राहते.

तिसरी, आपल्या सर्वांसाठी. परभणीत जिल्ह्यातल्या संस्थांचे एक सामायिक सहाय्य केंद्र असावे. एक हिशेबनीस, धर्मादाय आणि प्राप्तिकराच्या कागदांचा जाणकार, आणि प्रस्ताव लिहायला शिकवणारा एक अनुभवी कार्यकर्ता. खर्च सभासद संस्थांच्या वर्गणीतून. सुरुवातीला अडचण येईल, पण ते कुणा एका देणगीदाराच्या भरवशावर उभे राहिले, तर आपण पुन्हा तिथेच येऊ. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या संस्थेने दोन छोट्या संस्थांचा हात धरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

निवास, भोजन आणि नोंदणीची जबाबदारी इथल्या महाविद्यालयांतल्या मुला-मुलींनी आणि बचतगटांच्या भगिनींनी घेतली आहे. परभणीची भाकरी-पिठल्याची पंगत आपली वाट पाहते आहे. पण जेवायला बसण्याआधी आपल्या संस्थेचे नाव आणि आपण इतरांना काय शिकवू शकतो, ते नोंदणी कक्षातल्या वहीत लिहा. सामायिक केंद्राची पहिली बैठक परिषदेच्या समारोपानंतर याच सभागृहात होईल. तिला प्रत्येक तालुक्याचा निदान एक प्रतिनिधी थांबावा, एवढे मागणे मागतो आणि आपले पुन्हा एकदा स्वागत करून मी थांबतो.